नव्वद मिलिमीटरची तोफ आणि लोडरचं कोपर

रणगाड्याच्या आत मी पहिल्यांदा शिरले ती वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि शिरताना अडकले. पाय आत, हात वर, आणि कंबर झाकणाच्या कड्यात घट्ट. बाहेरून माझी शेजारीण ऋचा ओरडत होती, "काकू, श्वास सोडा!" आणि आतून ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ शांतपणे सांगत होते, "मैडम, पहले दायाँ कंधा. पहली बार सब ऐसे ही फँसते हैं."

गंमत अशी, की त्याआधी चौतीस वर्षं मी रणगाड्यांची ड्रॉइंगं काढूनच पोट भरलं होतं.

मी मूळची नगरची, भिंगारची. जवळच लष्कराचं रणगाड्यांचं केंद्र, त्यामुळे आमच्याकडे रणगाडा ही काही नवलाची गोष्ट नव्हती. रस्त्यावरून एखादा गेला की मांडणीतली भांडी वाजायला लागायची आणि आई कपबशांवर हात पसरून उभी राहायची. ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, परीक्षा दिली, आणि दिल्लीतल्या एका सरकारी डिझाइन ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. दुसऱ्यांनी पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या पारदर्शक कापडावर शाईने गिरवायच्या, हे ट्रेसरचं काम. पुढे बढती होत होत स्वतः आकृत्या काढायला लागले. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. त्यात आता गुपित काही उरलेलं नाही, पण न सांगायची सवय लागली आहे. आमचे हे, विजय, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. लग्नानंतर दहा वर्षं त्यांनाही मी "मशीनचे पार्ट काढते" एवढंच माहीत होतं.

माझा विषय होता टरेट. टरेट म्हणजे रणगाड्याचं वरचं गोल फिरणारं डोकं, ज्यातून तोफ बाहेर आलेली असते. आणि त्यातही माझ्याकडे यायची ती जुन्या रणगाड्याला नवी तोफ बसवण्याची कामं. रणगाड्याचं धड फार टिकतं. इंजिन बदलता येतं, पट्टे बदलता येतात. तोफ मात्र दहा-पंधरा वर्षांत जुनी होते, कारण तेवढ्यात समोरच्याचं चिलखत जाड झालेलं असतं. मग प्रत्येक देशात कुणीतरी विचारतंच, की धड तेच ठेवून तोफ मोठी बसवता येईल का? आपल्या सोसायट्यांमध्ये लोक जुन्या फ्लॅटला बाल्कनी वाढवून घेतात ना, तसलाच प्रकार.

त्यात पाहायचं काय असतं? टरेट ज्या गोल भोकावर बसतं त्या भोकाचा व्यास बदलत नाही, त्यामुळे आतली जागा ठरलेली. तोफ उडाली की झटक्याने मागे येते, मोठी तोफ जास्त येते, आणि मागे तर माणसं बसलेली. शिवाय लांब नळी पुढे आली की सगळं डोकं पुढे झुकतं, मग ते चढावर फिरवता फिरत नाही. हे सगळं जमवलं की तुमचं टरेट झालं, असं आम्ही मानत होतो. माझ्या टेबलावरून असे प्रस्ताव बरेच गेले. बहुतेक कपाटात गेले. कधी परदेशातून नवा रणगाडा आला, कधी साहेब बदलले. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, घड्याळ मिळालं, आणि मनात आलं की आपण काढलेलं एकही टरेट कधी फिरलं नाही.

नंतरची चार वर्षं मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये छान गेली. रविवारी चर्च, बुधवारी भजनी मंडळाचा सराव, संध्याकाळी दोघांची फेरी. एकदा सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि मी आणि वरच्या मजल्यावरची ऋचा जिन्यात एकत्र धापा टाकायला लागलो. ऋचा पुण्याची, नोएडाच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर गेम बनवते. टीमची प्रमुख. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा मी सहज विचारलं, सध्या काय चाललंय?

"रणगाडे, काकू. जुने, दुसऱ्या महायुद्धातले. पण ट्विस्ट असा आहे की जे कधी बनलेच नाहीत ते बनवायचे. म्हणजे समजा, आपल्या आर्मीकडे शर्मन रणगाडे होते ना, त्यांना आपल्याच एखाद्या वर्कशॉपने मोठी तोफ बसवली असती तर? डोकं फिरलंय सगळ्यांचं. कुणाला काही कळत नाही."

मी कठड्याला धरून तशीच उभी राहिले. "किती मिलिमीटरची तोफ?"

ऋचाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कढीपत्त्याच्या झाडाने तिला वेळ विचारली.

अशी मी त्या कंपनीची सल्लागार झाले. पहिल्या दिवशी तिथली पोरं मला खुर्ची द्यायला धावली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापासून पळायला लागली. त्यांच्यात कबीर म्हणून एक दिल्लीचा मुलगा, रणगाड्यांची त्रिमिती चित्रं करणारा, हाताने अतिशय तयार. त्याने मला मोठ्या उत्साहात त्याचा पहिला शर्मन दाखवला. एका टरेटवर दोन तोफा.

"दो क्यों?" मी विचारलं.

"कूल लगता है, आंटी."

"और अंदर आदमी कहाँ बैठेंगे?"

कबीरने आतून चित्र फिरवून पाहिलं. "आदमी तो... अभी डाले नहीं हैं."

दोनाची एक तोफ झाली. मी म्हटलं, नव्वद मिलिमीटर. मूळ पंचाहत्तरची होती, त्याहून बरीच मोठी, पण अगदीच अशक्य नव्हे. मी घरून माझा जुना ड्रॉइंग बोर्ड आणवला. मुलं कॉम्प्युटरवर काम करत आणि मी कागदावर, आणि संध्याकाळी दोन्ही जुळवून बघायचं. खरं सांगते, ऑफिसात इतकी मजा मला कधी आली नव्हती. इथे फाइल वर जात नव्हती, शेरा मारून खाली येत नव्हती. सकाळी रेघ काढली की दुपारी ती पडद्यावर लोखंड होऊन फिरत होती.

गिऱ्हाइकंही विलक्षण. हा गेम खेळणारे लोक पत्रं लिहितात, आणि काय बारकाईने लिहितात! फरीदाबादचे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी आधीच्या एका रणगाड्याबद्दल दोन पानी मेल पाठवली होती, की पुढच्या चिलखतावरचा वेल्डिंगचा सांधा चुकीच्या जागी आहे. ऋचा हसत म्हणाली, "यार, यांच्या पेशंटांचं काय होत असेल?" मी जुने फोटो काढून तपासलं. डॉक्टर बरोबर होते.

माझं नव्वदचं टरेट दीड महिन्यात तयार झालं. तोफेच्या धक्क्याला जागा पुरत होती, सगळं व्यासात मावत होतं. ऋचाने चित्रं जाहीर केली, तारीख जाहीर केली. मी दोन्ही मुलींना फोन करून सांगितलं. विजयने चर्चमध्ये चहाच्या वेळी निदान चार जणांना सांगितलं.

आणि तारखेला बारा दिवस उरले असताना कबीर माझ्या टेबलाशी आला. रणगाड्याच्या आत तोफेत गोळा भरणारा जो माणूस असतो, लोडर, त्याच्या हालचाली तो तयार करत होता.

"आंटी, ये गोला यहाँ से घूमेगा कैसे? हर बार तोप के अंदर से निकल जाता है."

पडद्यावर लोडरने गोळा उचलला, वळवला, आणि गोळा भुतासारखा लोखंडातून आरपार गेला.

"तुम्हारे आदमी के हाथ छोटे हैं," मी म्हटलं. "मेरा ड्रॉइंग ठीक है."

हे वाक्य मी कुठल्या सुरात म्हटलं ते मला आठवतं, म्हणून इथे लिहून ठेवते. चौतीस वर्षांच्या नोकरीचा सूर होता तो. कबीरने लोडरचे हात लांब करून बघितले. मग लोडर माकडासारखा दिसायला लागला आणि गोळा तरीही अडकलाच.

ऋचा म्हणाली, "काकू, खरा शर्मन बघून येऊ या का एकदा?"

नजफगढच्या पलीकडे, हरियाणाच्या हद्दीला लागून एक शाळा आहे. तिच्या फाटकात चौथऱ्यावर एक शर्मन उभा आहे. असे शोभेचे रणगाडे सहसा वेल्डिंग करून बंद केलेले असतात, पण याच्या झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली बलबीर सिंगांकडे होती. रिसालदार बलबीर सिंग, सैन्यातून निवृत्त, शेजारच्याच गावचे. दर सव्वीस जानेवारीच्या आधी ते स्वखर्चाने या रणगाड्याला रंग देतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो तेव्हा रंग अजून ताजा वाटत होता.

"मैं इसमें लोडर था," त्यांनी सांगितलं. "इसमें मतलब, ऐसे ही वाले में. सवार भरती हुआ था. अठारह साल का. इतना सा पेट था मेरा." त्यांनी करंगळी दाखवली.

कबीरने एक युक्ती केली होती. बाथरूमच्या सांडपाण्याचा नव्वद मिलिमीटरचा प्लास्टिकचा पाइप त्याने गोळ्याएवढा, म्हणजे जवळजवळ मीटरभर कापून, वाळूने भरून, दोन्ही टोकांना झाकणं लावून आणला होता. आणि माझ्या ड्रॉइंगवरून नव्या तोफेच्या मागच्या भागाएवढं पुठ्ठ्याचं एक खोकं. ते आम्ही जुन्या तोफेवर दोरीने बांधलं. म्हणजे आता आतली जागा माझ्या टरेटची झाली.

मी अडकून, सुटून, शेवटी आत पोचले आणि कमांडरच्या जागी बसले. काय सांगू! जी जागा मी हजार वेळा काढली होती ती इतकी लहान होती. कागदावर मी वरून बघत होते, छत काढून. इथे छत होतं. डोक्याला लागत होतं.

डाव्या बाजूला बलबीर सिंग उभे राहिले. त्यांनी पाइप उचलला, वजन तोललं, खूश झाले. मग फिरवायला गेले. पाइपचं मागचं टोक भिंतीवर आपटलं. त्यांनी तो तिरका केला, पुढचं टोक पुठ्ठ्यात घुसलं. खालून उभा वर आणला, तर मध्ये त्यांचाच हात आला. चार वेळा प्रयत्न केला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण हात काय सराईत! मग त्यांनी पाइप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून अगदी अदबीने म्हणाले,

"मैडम, तोप बढ़िया है. पर मेरी कोहनी कहाँ जाएगी?"

हा प्रश्न मी आधी ऐकला होता. नोकरीत असताना, एका बैठकीत. टेबलाभोवती मोठे साहेब, मी पेन्सिल घेऊन कोपऱ्यात, आणि रणगाड्यावर काम करणारा एक दफेदार मुद्दाम बोलावलेला, की वापरणाऱ्यांचंही मत घेतलं असं टिपणात यावं म्हणून. त्याने ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं आणि नेमकं हेच विचारलं, साहेब, लोडरचं कोपर कुठे जाणार? साहेब हसले. सगळे हसले. मीही हसले. तो प्रस्ताव पुढे भलत्याच कारणाने बारगळला, म्हणून त्याचं उत्तर कुणाला द्यावं लागलं नाही. माझ्या ड्रॉइंगमध्ये गोळा होता, त्याची मापं बरोबर होती, पण तो एका जागी ठेवलेला होता. तो उचलून, वळवून, भरायचा असतो, आणि ते एका माणसाने करायचं असतं, हे मी चौतीस वर्षांत एकदाही काढून पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी ऋचाला सांगितलं, "चूक माझी आहे. हे टरेट चालणार नाही."

ऋचा चौथऱ्याच्या पायरीवर बसली. तिची अडचण खरी होती. तारीख जाहीर झालेली, चित्रं जगभर गेलेली, आणि पुढे ढकलायचं म्हणजे तिला तिच्या वरच्यांसमोर मान खाली घालायची. मग ती म्हणाली, "काकू, शेवटी गेम आहे. कबीर लोडरची हालचाल फास्ट करेल. अर्ध्या सेकंदात कुणाला काय दिसणार? कुणालाही कळणार नाही."

मोह झाला, हे कबूल करते. "बरं" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण बलबीर सिंग कुलूप लावता लावता ऐकत होते. मराठी त्यांना कळली नसावी, चेहरे कळले असावेत.

"क्या हुआ, बेटी? आदमी नहीं बैठ पा रहा, तो डब्बा बड़ा कर दो. आदमी को तो छोटा कर नहीं सकते."

मी ऋचाला म्हटलं, "मला तीन दिवस दे."

घरी आल्यावर मी दिवाणखान्यातलं सेंटर टेबल हलवलं आणि रांगोळीने जमिनीवर टरेटचं वर्तुळ काढलं, पावणेदोन मीटर व्यासाचं, खऱ्याच मापाचं. मधोमध तोफ म्हणून इस्त्रीचं टेबल आडवं. विजयला गनर, म्हणजे नेम धरणारा, म्हणून उजवीकडे पाटावर बसवलं. गोळा म्हणून दिवाणावरचा लोड घेतला आणि स्वतः लोडर झाले.

सकाळी कामाला आलेली कमलेश दारातच थबकली. "आंटी, कोई पूजा है क्या?"

"हाँ," विजय पाटावरून म्हणाले. "मेरी बलि है."

दोन दिवस आम्ही तेच करत होतो. तोफ वीतभर पुढे सरकवली, थोडं बरं झालं. लोड मात्र दर वेळी मागे बाल्कनीच्या काचेच्या दारावर थाडकन आपटायचा, नाहीतर विजयच्या डोक्यावर. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि निमूट बसून राहिले. सेक्शन ऑफिसरला बसण्याची सवय असते.

तिसऱ्या दिवशी कमलेश लादी पुसायला आली. रांगोळीच्या कडेकडेने पुसत ती बाल्कनीपर्यंत गेली आणि पाणी लोटायला तिने दार सरकवून उघडलं. मी त्याच वेळी लोड फिरवत होते. आपटायची तयारी ठेवून मी खांदे आवळले, आणि लोड कुठेच आपटला नाही. त्याचं मागचं टोक दारातून बाल्कनीत गेलं, पुढचं टोक इस्त्रीच्या टेबलासमोर आलं, आणि मी ते सरळ पुढे ढकललं.

"गेला!" विजय ओरडले. "सुहास, गेला की गं!"

मग मी कमलेशला मिठी मारली. तिच्या हातात पोछा होता. मागची भिंत उघडायची आणि बाहेरून तिथे एक चिलखती खोकं लावायचं! गोळ्याची शेपटी खोक्यात, नाक तोफेत. वायरलेस सेटही त्यात जाईल, म्हणजे आत आणखी हातभर जागा. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की लांब नळीने पुढे झुकणारं डोकं मागच्या खोक्याच्या वजनाने आपोआप सरळ होणार होतं. हे खोकं जगातल्या कित्येक टरेटना असतं. मी स्वतः ते काढलं आहे. पण मी ते नेहमी वजनासाठी काढलं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. मी सकाळच्या मेट्रोने नोएडाला जायचे, बोर्डवर रेघा मारायचे, आणि कबीर माझ्या खांद्यावरून बघत तिथल्या तिथे पडद्यावर उतरवायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "तुम्हारे आदमी के हाथ ठीक थे. मेरा ड्रॉइंग ग़लत था." तो इतका लाजला की त्याने मला दोन कप चहा आणून दिला, दोन्ही एकदम.

खात्री करायला आम्ही पुन्हा शाळेत गेलो. खऱ्या रणगाड्याची भिंत काही कापता येत नाही, म्हणून मैदानावर चुन्याने वर्तुळ आखलं, बाकं उभी करून भिंती केल्या, मागच्या बाजूला शाळेचं एक कपाट दारं उघडून ठेवलं. बलबीर सिंग त्या दिवशी पगडी बांधून, मेडल लावून आले होते. कबीरने तीन बाजूंनी तीन फोन लावले.

त्यांनी पाइप कपाटातून ओढला, अर्ध्या वळणात तोफेसमोर आणला आणि मूठ बंद करून आत ढकलला.

"मुट्ठी क्यों, सर?" कबीरने विचारलं.

"पीछे का दरवाज़ा अपने आप बंद होता है, बेटा. उँगली खुली रही तो उँगली गई." त्यांनी दहाही बोटं दाखवली. "पूरी हैं. गिन लो."

सात वेळा करून दाखवलं त्यांनी. आठव्या वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी हात जोडून थांबवलं. "मैडम," ते धापा टाकत मला म्हणाले, "अब कोहनी ठीक है."

माझ्या कुठल्याही ड्रॉइंगवर यापेक्षा चांगला शेरा आजवर पडलेला नाही.

गेम ठरलेल्या तारखेला निघाला. ऋचाने आधीच्या चित्रांच्या जागी नवी चित्रं टाकली आणि खाली लिहिलं, की आमची चूक झाली होती, एका जुन्या लोडरने ती दाखवली. मला वाटलं लोक हसतील. पण ते वाक्य लोकांना टरेटपेक्षा जास्त आवडलं. दुसऱ्याच दिवशी ऋचा एक उघडायची राहून गेलेली मेल घेऊन माझ्याकडे आली. फरीदाबादचे डॉक्टर. आधीची चित्रं बघून त्यांनी लगेच पाठवली होती: "तोफ सुंदर आहे, पण गोळा भरणार कसा?" त्यांना ऋचाने उत्तर पाठवलं, आणि त्यांचं फक्त एका ओळीचं उलट उत्तर आलं: आता बरोबर आहे. दोन पानं लिहिणारा माणूस तो!

गेमच्या शेवटी नावं येतात. टरेट डिझाइन, सुहासिनी साळवे. लोडर, रिसालदार बलबीर सिंग. नोकरीत माझी सही ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत असायची, नुसती आद्याक्षरं, 'काढणार' या शब्दासमोर. 'डिझाइन' या शब्दासमोर नेहमी साहेबांची. विजयने ती नावं तीन वेळा मागे नेऊन पाहिली आणि मग चष्मा पुसायला लागले.

मे महिन्यात आम्ही लॅपटॉप घेऊन शाळेत गेलो, बलबीर सिंगांना दाखवायला. स्टाफरूममध्ये कूलर घुमत होता. त्यांनी आधी नुसतं पाहिलं. पडद्यावरचा लोडर त्यांच्यासारखाच वाकत होता, त्यांच्यासारखाच गोळा ओढत होता. मग म्हणाले, "मैं चलाऊँ?"

कबीरने त्यांना बटणं समजावली. समोर शत्रूचे तीन रणगाडे होते. बलबीर सिंगांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी रणगाडा वळवला, शेताच्या बांधाबांधाने नेला, एक नाला ओलांडला, कबीर "सर, उधर दुश्मन है, उधर" म्हणत असताना सावकाश एका मोठ्या झाडाखाली आणून उभा केला. मग हात कीबोर्डवरून उचलून विचारलं,

"ढक्कन कैसे खुलते हैं?"

"ढक्कन?"

"ऊपर वाले. इंजन बंद हो गया ना? तो खोल दो. अंदर लड़के बैठे हैं, हवा तो आए."

कबीरने माझ्याकडे पाहिलं, ऋचाने कबीरकडे. "सर, उसका बटन नहीं है," कबीर म्हणाला.

"तो बना दो," रिसालदारसाहेब म्हणाले, आणि लॅपटॉप सोडून चहा प्यायला लागले.

त्या झाकणांच्या बिजागऱ्या मी कागदावर काढल्या. कबीरने बटण केलं. आता तो रणगाडा कुठेही थांबवून ते बटण दाबलं, की वरची दोन्ही झाकणं उघडतात आणि आतली माणसं खांद्यापर्यंत बाहेर येतात. लोडर टोपी काढून मान पुसतो. लढाईत याचा काहीएक उपयोग नाही. खेळणारे लिहून विचारतात, हे कशासाठी आहे? ऋचा प्रत्येकाला एकच उत्तर पाठवते: हवेसाठी.